ड्रायव्हर कॉलमची माहिती चुकीची देतोय? आधी चूक कुठल्या लेअरला आहे ते पकडा

डेटाबेसमध्ये सगळं नीट आहे, क्वेरी हाताने चालवली की आकडे बरोबर येतात, आणि तीच क्वेरी ॲपमधून गेली की कॉलमचं नाव वेगळंच येतं, किंवा डेसिमल कॉलम पूर्णांक होऊन येतो, किंवा स्टेटसच्या १, २, ३ च्या जागी नुसतं ट्रू ट्रू ट्रू दिसतं. अशा वेळी बहुतेक जण कोडमध्ये एक इफ टाकतात, टाइप हार्डकोड करतात आणि पुढच्या कामाला लागतात. कृपा करून असं करू नका. कॉलमची माहिती सर्व्हरकडून निघते, मग प्रोटोकॉल (सर्व्हरशी बोलायची ठरलेली भाषा), ड्रायव्हर (ॲप आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी), पूल (उघडी ठेवलेली कनेक्शन), फ्रेमवर्क अशी हातोहात येत तुमच्या कोडपर्यंत पोचते, आणि यातल्या कुठल्या हाताने ती बदलली हे कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा क्वेरीत किंवा कनेक्शन स्ट्रिंगमध्ये एका ओळीची असते. हे न शोधता टाकलेला इफ मात्र ड्रायव्हरची व्हर्जन बदलली की पुन्हा अंगावर येतो.

मी इथे मुख्यतः जावा आणि जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत) धरून लिहितोय, डेटाबेस मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस, मधेमधे ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर. मेथड, कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलीयत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.

पायरी १: काय चुकतंय ते एका वाक्यात लिहून काढा

"मेटाडेटा (म्हणजे कॉलमबद्दलची माहिती) चुकतोय" एवढ्यावर काहीच शोधता येत नाही. कुठल्या कॉलमची कुठली गोष्ट चुकतेय, म्हणजे नाव, टाइप, लांबी, प्रिसिजन-स्केल (एकूण अंक आणि दशांशानंतरचे अंक), नलेबल (नल चालतं का) की टेबलचं नाव, आणि काय यायला हवं होतं नि काय आलं, एवढं लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही माहिती कुठून घेतलीय ते लिहा, कारण जेडीबीसीत दोन वेगळे रस्ते आहेत. एक रिझल्टसेट-मेटाडेटा, म्हणजे चाललेल्या क्वेरीच्या निकालातल्या कॉलमची माहिती. दुसरा डेटाबेस-मेटाडेटाचा गेटकॉलम्स, जो सिस्टिम कॅटलॉग वाचून टेबलची व्याख्या सांगतो. हे दोन्ही एकमेकांशी जुळतीलच असं नाही आणि दोघांचे आजारही वेगळे. रिपोर्टिंग टूल, ओआरएम (टेबलच्या ओळींचे ऑब्जेक्ट करणारी लायब्ररी), मायग्रेशन टूल यातला कुठला रस्ता वापरतंय हे माहीत नसेल तर आधी ते बघा.

पायरी २: ड्रायव्हर बाजूला ठेवून सर्व्हरला विचारा

पोस्टग्रेस असेल तर पीएसक्यूएल उघडा, क्वेरी लिहा, शेवटी सेमीकोलन न देता बॅकस्लॅश जीडेस्क द्या. व्हर्जन ११ पासून ही सोय आहे, क्वेरी न चालवता निकालातल्या प्रत्येक कॉलमचं नाव आणि टाइप दाखवते. मायएसक्यूएलमध्ये कमांड लाइन क्लायंट सुरू करताना कॉलम-टाइप-इन्फो हा ऑप्शन लावा, मग प्रत्येक क्वेरीच्या निकालाआधी फील्ड, टेबल, ओआरजी-टेबल, टाइप, लेंग्थ, डेसिमल्स, फ्लॅग्स सगळं छापलं जातं, आणि हे थेट सर्व्हरने पाठवलेलं असतं. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून एसपी-डिस्क्राइब-फर्स्ट-रिझल्ट-सेट ही प्रोसिजर आहे, तिला क्वेरी स्ट्रिंग म्हणून द्यायची. ज्या प्रोसिजरमध्ये टेम्प टेबल आहे तिथे ती एरर देते, तेव्हा एक्झिक्यूटला विथ रिझल्ट सेट्स जोडून आकार आपणच सांगायचा.

मायएसक्यूएलचा हा आउटपुट वाचताना एक सांभाळा. डेसिमल (१०,२) कॉलमची लेंग्थ तिथे १२ दिसते, कारण त्यात टिंब आणि उणे चिन्हाची जागा धरलेली असते. हे बरोबर आहे, बग नाही. तसंच व्हारचार(५०) च्या समोर २०० दिसलं तर घाबरू नका, प्रोटोकॉलमध्ये लांबी बाइटमध्ये जाते आणि युटीएफ८एमबी४ मध्ये एका अक्षराला जास्तीत जास्त ४ बाइट धरले जातात, भागाकार करून ५० सांगणं हे ड्रायव्हरचं काम.

इथेच वाट फुटते. सर्व्हरच चुकीचं, म्हणजे तुम्हाला नको ते सांगत असेल तर ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही, क्वेरी किंवा व्ह्यू बघा. सर्व्हर बरोबर सांगतोय आणि ॲपमध्ये वेगळं येतंय, तर पुढे चला.

पायरी ३: फ्रेमवर्कशिवाय दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम

स्प्रिंग नाही, ओआरएम नाही, पूल नाही. ड्रायव्हरमॅनेजरकडून कनेक्शन, प्रिपेअर्ड स्टेटमेंट, क्वेरी, आणि रिझल्टसेट-मेटाडेटावर १ पासून गेटकॉलमकाउंटपर्यंत लूप (कॉलमची मोजणी १ पासून आहे, ० पासून नाही). प्रत्येक कॉलमसाठी गेटकॉलमलेबल, गेटकॉलमनेम, गेटटेबलनेम, गेटकॉलमटाइप, गेटकॉलमटाइपनेम, गेटप्रिसिजन, गेटस्केल, इजनलेबल आणि गेटकॉलमक्लासनेम एका ओळीत छापा. हा प्रोग्राम जपून ठेवा, पुढे खूप कामाला येतो.

त्यातच आणखी दोन गोष्टी छापा. डेटाबेस-मेटाडेटाचे गेटड्रायव्हरनेम आणि गेटड्रायव्हरव्हर्जन, आणि ड्रायव्हरचा क्लास नक्की कुठल्या जारमधून आला तो पाथ, जो क्लासच्या प्रोटेक्शन-डोमेनमधल्या कोडसोर्सवरून मिळतो. हा दुसरा भाग मूळ ॲपच्या आत सुद्धा एकदा चालवाच. पॉम फाइलमध्ये नवीन व्हर्जन लिहिलेली असते आणि टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये कुणीतरी कधीकाळी ठेवलेली जुनी जार आधी लोड होते, हे फार वेळा होतं. मायएसक्यूएलच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे, मारियाडीबीचा २.एक्स ड्रायव्हर जेडीबीसी-मायएसक्यूएलने सुरू होणारी यूआरएल पण स्वीकारतो, त्यामुळे दोन्ही जार क्लासपाथवर असतील तर जो आधी रजिस्टर झाला तो कनेक्शन घेतो आणि तुम्ही भलत्याच ड्रायव्हरची सेटिंग बदलत बसता.

छोट्या प्रोग्राममध्ये सगळं बरोबर येत असेल तर चूक वरच्या लेअरला, फ्रेमवर्क, मॅपर, पूल किंवा कॅशमध्ये. इथेही चुकीचं येत असेल तर ड्रायव्हर किंवा त्याची सेटिंग. आता लक्षणाप्रमाणे बघू.

नाव चुकीचं येतंय

सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच, आणि यातल्या बहुतेक ठिकाणी ड्रायव्हर त्याच्या परीने बरोबर असतो. समजा क्वेरीत बी डॉट अमाउंट ॲज टोटल असं लिहिलंय, म्हणजे अमाउंटला टोटल हे अलायस (दुसरं नाव) दिलंय. जेडीबीसी ४.० नुसार गेटकॉलमलेबलने टोटल द्यायचं आणि गेटकॉलमनेमने मूळ नाव, अमाउंट. मायएसक्यूएलचा कनेक्टर-जे ५.१ पासून असंच वागतो, ५.० मध्ये दोन्हीकडे टोटल यायचं. म्हणून जुनं ॲप नव्या ड्रायव्हरवर नेलं की अचानक "कॉलम सापडत नाही" सुरू होतं, कारण कोड गेटकॉलमनेमने नाव घेतो आणि तेच नाव गेटस्ट्रिंगला देतो, आणि गेटस्ट्रिंग शोधतो लेबल. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरमध्ये मात्र गेटकॉलमनेम सुद्धा लेबलच देतो, मूळ नाव हवं असेल तर त्यांच्या स्वतःच्या पीजी-रिझल्टसेट-मेटाडेटा इंटरफेसमधलं गेटबेसकॉलमनेम वापरावं लागतं. म्हणजे एकच कोड एका डेटाबेसवर चालतो, दुसऱ्यावर नाही.

उपाय साधा आहे: रिझल्टसेटमधून व्हॅल्यू काढायची असेल तिथे कायम गेटकॉलमलेबल. कनेक्टर-जे मध्ये यूज-ओल्ड-अलायस-मेटाडेटा-बिहेवियर ट्रू केलं की जुनं वागणं परत मिळतं, पण हे फक्त ज्या ॲपचा सोर्स तुमच्या हातात नाही तिथेच लावा. नवीन कोडमध्ये ते ठेवलं तर पुढच्या माणसाचे दिवस खराब होतात.

दुसरा प्रकार जॉइनचा. दोन टेबलांत दोन्हीकडे आयडी आहे आणि क्वेरीत सिलेक्ट स्टार. नावाने मागितलं तर जेडीबीसी पहिला जुळणारा कॉलम देतो, पण रो ला मॅपमध्ये भरणारा तुमचा लूप मात्र शेवटचा आयडी आधीच्यावर लिहितो, म्हणजे एकाच निकालातून एका ठिकाणी बिलाचा आयडी आणि दुसऱ्या ठिकाणी ग्राहकाचा आयडी. लोक याला ड्रायव्हरची चूक म्हणतात, पण ती क्वेरीची आहे. स्टार काढा, बिल_आयडी, ग्राहक_आयडी अशी अलायस द्या.

एसक्यूएलाइटवाल्यांनी तर ॲज लिहायचा आळस अजिबात करू नये. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच सांगितलंय की ॲज नसेल तर निकालातल्या कॉलमच्या नावाची काही खात्री नाही, पुढच्या व्हर्जनला ते बदलू शकतं.

टाइप आणि प्रिसिजन

हा भाग जरा नीट बघू, कारण इथे पैशाचे आकडे चुकतात.

पोस्टग्रेसमध्ये बिल नावाचं टेबल आहे, त्यात रक्कम न्यूमेरिक (१०,२). सर्व्हर निकालाआधी रो-डिस्क्रिप्शन नावाचा मेसेज पाठवतो, त्यात प्रत्येक कॉलमचा टाइप ओआयडी (टाइपचा क्रमांक) आणि टाइप मॉडिफायर (त्या टाइपची मर्यादा सांगणारा आकडा) असतो. न्यूमेरिकचा मॉडिफायर म्हणजे प्रिसिजन गुणिले ६५५३६, अधिक स्केल, अधिक ४. आपल्या कॉलमचा येतो ६५५३६६. व्हारचार(५०) चा येतो ५४. पीजी-ॲट्रिब्यूट टेबलमध्ये एटीटी-टाइपमॉड कॉलम उघडून बघा, हेच आकडे दिसतील. ड्रायव्हर यातूनच प्रिसिजन १०, स्केल २ असं काढतो.

आता क्वेरी करा, रकमेची सम (बेरीज). समच्या निकालाला पोस्टग्रेस मॉडिफायर लावत नाही, तिथे उणे १ जातो, म्हणजे "न्यूमेरिक आहे, मर्यादा ठरलेली नाही". जीडेस्कमध्ये पण नुसतं न्यूमेरिक दिसेल, कंस नाही. जेडीबीसी ड्रायव्हर अशा वेळी प्रिसिजन ० आणि स्केल ० सांगतो. व्हॅल्यू पूर्ण येते, १२४९.५०, एक पैसा कमी नाही. पण एखादं रिपोर्टिंग टूल स्केल ० वाचतं, हा पूर्णांक आहे असं समजतं आणि १२५० छापतं. आता इथे कोण चुकलं? सर्व्हरने सांगितलं मर्यादा नाही, जेडीबीसीत "मर्यादा नाही" सांगायला वेगळी जागा नाही म्हणून ड्रायव्हरने ० दिला, आणि टूलने त्या ० चा अर्थ शब्दशः घेतला. दुरुस्ती क्वेरीतच: समला कास्ट करून (म्हणजे टाइप स्पष्ट सांगून) न्यूमेरिक (१४,२) करा, जीडेस्कने तपासा, झालं. रकमेला २ ने गुणलं तरी मॉडिफायर जातो, वेगवेगळ्या लांबीच्या व्हारचारचं युनियन केलं तरी जातो, दोन स्ट्रिंग जोडल्या की टाइपच टेक्स्ट होतो. म्हणून माझा आग्रह असा की जी क्वेरी बाहेरच्या टूलला खायला घालायचीय तिच्यात हिशोब करून काढलेल्या प्रत्येक कॉलमला कास्ट हवाच.

मायएसक्यूएल इथे वेगळं वागतो, तो मर्यादा वाढवून देतो. डेसिमल (१०,२) ची सम येते डेसिमल (३२,२), ॲव्हरेजला स्केल ४ ने वाढतं. आणि साध्या इंट कॉलमची सम मायएसक्यूएलमध्ये डेसिमल येते, पोस्टग्रेसमध्ये बिगइंट, तेव्हा जावात गेटऑब्जेक्ट करून थेट लाँगमध्ये कास्ट करणारा कोड एकीकडे चालेल आणि दुसरीकडे क्लासकास्ट एक्सेप्शन देईल. इथे दोघंही बरोबर आहेत.

ते ट्रू ट्रू ट्रू वालं प्रकरण म्हणजे टायनीइंट(१). मायएसक्यूएलमध्ये बूलियन हे टायनीइंट(१) चंच दुसरं नाव, त्यामुळे कनेक्टर-जे डिफॉल्टने टायनीइंट(१) ला बिट मानतो आणि २, ३ सगळं ट्रू होतं. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये टायनी-इंट-१-इज-बिट फॉल्स करा, किंवा कॉलमचाच टाइप नुसता टायनीइंट करा. शक्य असेल तर दुसरं करा, कारण कनेक्शन स्ट्रिंग पाच ठिकाणी असते आणि एक ठिकाण राहूनच जातं. इयर टाइपचं पण असंच, इयर-इज-डेट-टाइप फॉल्स केलं नाही तर वर्ष तारीख होऊन येतं.

ओरॅकलमध्ये नुसतं नंबर असं लिहून केलेल्या कॉलमला प्रिसिजन ० आणि स्केल उणे १२७ येतो. तो आकडा बघून लोक हादरतात, पण ओरॅकलची "काही ठरवलेलं नाही" सांगायची ती पद्धत आहे. कॉलमची व्याख्या नंबर (१२,२) अशी नीट करा.

लांबी, आणि आपली देवनागरी

इंग्रजी डेटावर ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते, मराठी नावं भरायला लागलो की लगेच बाहेर येते. युटीएफ८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. "कोल्हापूर" डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र अशी ९ चिन्हं आणि २७ बाइट. ओरॅकलमध्ये व्हारचार२(२०) असा गाव कॉलम केला आणि एनएलएस-लेंग्थ-सिमँटिक्स बाइटवर असेल, जे डिफॉल्ट आहे, तर कोल्हापूर त्यात बसत नाही, ओआरए-१२८९९ येतो, ॲक्च्युअल २७, मॅक्सिमम २०. फॉर्मवरचं व्हॅलिडेशन मात्र मेटाडेटातला २० वाचून "अजून ११ अक्षरं चालतील" म्हणत असतं.

तपासायचं असं: ऑल-टॅब-कॉलम्समध्ये डेटा-लेंग्थ, कॅर-लेंग्थ आणि कॅर-यूज्ड हे तीन कॉलम शेजारीशेजारी बघा. कॅर-यूज्डमध्ये बी असेल तर बाइट, सी असेल तर कॅरॅक्टर. मग कॉलम व्हारचार२(२० कॅर) करून घ्या. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये व्हारचारचा कंसातला आकडा चिन्हांचाच असतो त्यामुळे हा त्रास नाही, पण मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरने २० च्या जागी ६० किंवा ८० सांगितलं तर ओळखा की बाइटला चिन्हांत बदलायचं राहिलंय, ३ पट म्हणजे जुना युटीएफ८, ४ पट म्हणजे युटीएफ८एमबी४. हा आकडा दिसला तर ड्रायव्हरची व्हर्जन वाढवून बघा.

पोस्टग्रेसच्या टेक्स्टची लांबी २१४७४८३६४७ येते, आणि एखादं टूल तेवढं बफर मागून मेमरी संपवतं. त्यासाठी ड्रायव्हरला अननोन-लेंग्थ नावाचं सेटिंग आहे, त्यात ४००० वगैरे काहीतरी माणसासारखा आकडा द्या.

लिनक्सवर ओडीबीसी (जेडीबीसीसारखीच, पण जावाबाहेरची पद्धत) वापरत असाल आणि लांबी अगदीच कचरा येत असेल, म्हणजे कशाशीच मेळ नसलेले अवाढव्य आकडे, तर ओडीबीसीइन्स्ट वजा जे चालवून एसक्यूएललेन चा साइझ बघा. ड्रायव्हर मॅनेजर ८ बाइट धरतोय आणि ड्रायव्हर ४ बाइट धरून बिल्ड केलाय असं असेल तर असंच होतं, ड्रायव्हर योग्य बिल्डचा घ्यावा लागतो.

नलेबलचं थोडक्यात: पोस्टग्रेसच्या रो-डिस्क्रिप्शनमध्ये ती माहिती नसतेच, ड्रायव्हर वेगळी क्वेरी मारून मूळ टेबलची व्याख्या बघतो. म्हणून लेफ्ट जॉइनच्या उजव्या टेबलातला नॉट-नल कॉलम "नल येणार नाही" असा सांगितला जातो आणि नल येतो. व्ह्यूमधून वाचलं तर उलट, सगळेच कॉलम नलेबल दिसतात. यावर अवलंबून कोड जनरेट करत असाल तर जॉइनवाल्या क्वेरींत सगळं नलेबल धरा.

गेटकॉलम्स जास्तीचे किंवा शून्य कॉलम देतोय

इथे चार संशयित. पहिला अंडरस्कोर: टेबलचं नाव ही मेथड पॅटर्न म्हणून घेते आणि पॅटर्नमध्ये अंडरस्कोर म्हणजे कुठलंही एक अक्षर, त्यामुळे बिल_डेटा मागितलं की बिल१डेटा हे टेबल असेल तर त्याचेही कॉलम येतात. गेटसर्चस्ट्रिंगएस्केप जे अक्षर देईल ते अंडरस्कोरच्या आधी लावा, आणि आलेल्या प्रत्येक ओळीतलं टेबलचं नाव परत तपासा. दुसरा कॅटलॉग: कनेक्टर-जे ५.१ मध्ये कॅटलॉगला नल दिलं की चालू डेटाबेस धरला जायचा, ८.० पासून नल म्हणजे सगळे डेटाबेस. एकाच सर्व्हरवर टेस्ट आणि लाइव्ह दोन्ही असतील तर कॉलम दुप्पट. कनेक्शनचा गेटकॅटलॉग घेऊन तोच पास करा. तिसरा अक्षरांचा आकार: कोट न लावलेली नावं पोस्टग्रेस स्मॉलमध्ये साठवतो, ओरॅकल कॅपिटलमध्ये, त्यामुळे चुकीच्या केसमध्ये मागितलं की शून्य ओळी आणि एरर पण नाही. चौथा ओरॅकलचे सिनोनिम (टेबलला दिलेली पर्यायी नावं), इन्क्लूड-सिनोनिम्स ट्रू केल्याशिवाय त्यांचे कॉलम येत नाहीत, आणि कॉलमवरच्या कमेंट हव्या तर रिमार्क्स-रिपोर्टिंग पण ट्रू करावं लागतं.

कालपर्यंत बरोबर होतं, आज चुकतंय

म्हणजे कुणीतरी ऑल्टर टेबल चालवलंय आणि कुठेतरी जुनी माहिती अडकलीय. पोस्टग्रेसमध्ये "कॅश्ड प्लॅन मस्ट नॉट चेंज रिझल्ट टाइप" हा एरर आला तर तेच. ड्रायव्हर एकच प्रिपेअर्ड स्टेटमेंट पाचव्यांदा चालवताना सर्व्हरवर प्रिपेअर करून ठेवतो, म्हणून टेस्टिंगमध्ये एकदोनदा चालवून हे कधी दिसत नाही. पूलमधली कनेक्शन बदलून घ्या, हिकारी या पूलमध्ये त्यासाठी सॉफ्ट-एव्हिक्ट-कनेक्शन्स आहे, नाहीतर त्याच्या डिफॉल्ट ३० मिनिटांच्या मॅक्स-लाइफटाइममध्ये ती आपोआप बदलतात.

एसक्यूएल सर्व्हरवर सिलेक्ट स्टार लिहून केलेला व्ह्यू हा यातला सगळ्यात घातक प्रकार. खालच्या टेबलात कॉलम वाढवला किंवा काढला की व्ह्यूची साठवलेली कॉलम यादी जुनीच राहते आणि एका कॉलमच्या नावाखाली शेजारच्या कॉलमचा डेटा येऊ शकतो, तेही कुठलीही एरर न देता. एसपी-रिफ्रेश-व्ह्यू चालवा आणि मग तो व्ह्यू कॉलमची नावं लिहून नव्याने बनवा.

तरीही ड्रायव्हरच चुकतोय असं वाटलं तर

पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरचं लॉगिंग ट्रेसवर टाका, त्यात रो-डिस्क्रिप्शन आणि प्रत्येक फील्डचं नाव, टाइप, लांबी दिसते. दुसऱ्या डेटाबेसला टेस्ट मशीनवर एसएसएल बंद करून वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा वाचणारं टूल) लावा, त्याला मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्हीचे प्रोटोकॉल वाचता येतात. वायरवर बरोबर आणि गेटकॉलमटाइपमध्ये चूक, एवढं दाखवता आलं तर तो ड्रायव्हरचा बग. रिपोर्ट करताना क्रिएट टेबल, क्वेरी, तिसऱ्या पायरीतला तो छोटा प्रोग्राम, सर्व्हर आणि ड्रायव्हरची व्हर्जन, पूर्ण कनेक्शन स्ट्रिंग (पासवर्ड काढून) आणि अपेक्षित-प्रत्यक्ष आउटपुट एवढं द्या, स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या.

तोपर्यंत कास्ट किंवा अलायस लावून काम चालवा, आणि त्या छोट्या प्रोग्रामचा आउटपुट एका फाइलमध्ये साठवून बिल्डमध्ये टेस्ट म्हणून टाका, म्हणजे ड्रायव्हरची व्हर्जन वाढवली की कुठल्या कॉलमचं लेबल, टाइप किंवा स्केल बदललं ते डिप्लॉय करायच्या आधी समोर येईल.